विकराची घडी

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्या इमारतीचा आवाज बदलतो. एरवी संध्याकाळी इथे टीव्ही असतो, कुकरच्या शिट्ट्या असतात, गाड्या लावायच्या जागेत पोरांचं क्रिकेट असतं. परीक्षा जवळ आल्या की हे सगळं दबून बसतं आणि खिडक्याखिडक्यांतून पाठांतर ऐकू यायला लागतं. आम्ही विश्रांतवाडीत राहायला आलो तेव्हा समोर मोकळं मैदान होतं. आता तिथे आमच्याहून उंच तीन इमारती आहेत. पाठांतराचा आवाज त्यांच्या भिंतींवर आपटून परत येतो, त्यामुळे इतिहासातल्या लढाया हल्ली दोनदा होतात.

परवा तळमजल्यावरच्या शेखांची सना पुस्तक छातीशी धरून खाली फेऱ्या मारत होती. नववीतली मुलगी, मराठी माध्यमातली. ‘पेप्सिन हे पाचक विकर प्रथिनांवर क्रिया करते,’ असं ती चालीत म्हणत होती. काही फेऱ्यांनंतर दमली असावी, कारण ‘विकर’चं ‘विकार’ झालं आणि तिला पत्ताही लागला नाही. एका कान्याचा फरक. पण विकर म्हणजे अन्न पचवणारं द्रव्य, आणि विकार म्हणजे ते न पचल्यावर जे होतं ते. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होतो. चूक सांगावी असं वाटलं. पण शेजाऱ्यांच्या मुलीच्या चुका दुसऱ्या मजल्यावरून ओरडून सांगणं बरं दिसत नाही. कपडे हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. बावीसेक वर्षांपूर्वीचा एक एप्रिल आठवला. त्या एप्रिलमध्ये आमच्या घरात हाच शब्द दिवसरात्र वावरत होता, आणि माझी आई त्याचं असंच विकार करत होती.

मी छापखान्यात अंदाज काढण्याचं काम करतो. पुस्तक किती पानांचं, कागद किती लागेल, त्यातला वाया किती जाईल, हे छपाईच्या आधी सांगायचं. एप्रिल हा आमच्या धंद्यातला सुगीचा महिना. जूनला शाळा उघडायच्या आत मार्गदर्शकं आणि प्रश्नसंच दुकानांत पोचावे लागतात. त्या दिवसांत छापखान्यात शाईचा वास नेहमीचाच असतो, पण पुस्तकं चिकटवायची खळ उन्हानं लवकर आंबते, आणि त्या आंबूस वासावरून डोळे मिटूनही सांगता येतं की एप्रिल लागला. बांधणीच्या खोलीत पंखे बंद ठेवतात, कागद उडतात म्हणून. भिंतीकडे पाठ करून बायका फर्मे मोडायला बसलेल्या असतात. निदान तेव्हा असत. आता घडीचं मशीन आहे, ते बोलत नाही आणि चहाही मागत नाही.

फर्मा म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेला मोठा कागद. एका बाजूला आठ पानं, दुसऱ्या बाजूला आठ. नवख्या माणसाला तो चुकून छापलाय असंच वाटतं. पहिल्या पानाशेजारी सोळावं, आणि पहिल्याच्या डोक्याला डोकं लावून उलटं आठवं. त्या कागदाला ठरलेल्या क्रमानं तीन घड्या घातल्या, हाडाच्या पट्टीनं दाबल्या, की पानं एक ते सोळा ओळीत येतात. या घडी घालण्याला आमच्याकडे ‘मोडणं’ म्हणतात. घरी कोणी काही मोडलं म्हटलं की लोक दचकतात. आमच्याकडे जितकं जास्त मोडाल तितकं चांगलं.

त्या एप्रिलमध्ये आमच्या घरी वसुधाची शेवटची मुलाखत होती. वसुधा माझी बायको. माहेर जळगावकडचं, जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी., पुढे लग्नानंतर बी.एड. शिकवायची तिला मनापासून हौस, आणि नशिबात सगळ्या रजेच्या जागा. कोणी बाळंतपणाला गेलं की हिनं जायचं, ती बाई परत आली की हिनं घरी यायचं. त्या जूननंतर तिचं वय शिक्षकभरतीच्या मर्यादेबाहेर जाणार होतं. पेठेतल्या एका शाळेत विज्ञानाची एक कायमची जागा निघाली होती. ती मिळाली तर मिळाली, नाहीतर शाळेत शिकवणं तिच्यापुरतं संपलं, इतका साधा हिशोब होता.

आईनं तो हिशोब तिला तोंडावर मांडून दाखवला होता. ‘हा शेवटचा प्रयत्न. नाही झालं तर घरी शिकवण्या घे. अर्ज घेऊन उन्हातान्हात हिंडायचं पुरे आता.’ वसुधानं मान डोलावली. आईसमोर ती फारसं बोलायची नाही.

आई मूळची शनिवार पेठेतली. तिचं कौतुक ओळखायला शिकावं लागे. वसुधा लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं आपल्याकडची शेवभाजी केली होती, चांगली झणझणीत. आईनं घास घेतला आणि म्हणाली, ‘जळगावात पाणी स्वस्त असेल.’ वसुधा स्वयंपाकघरात जाऊन रडली. आईनं भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतलेली तिनं पाहिलीच नाही. मी सांगितलं तरी तिला ते पटलं नाही. तिच्या गावी चांगल्याला चांगलं म्हणायची पद्धत होती.

मुलाखतीच्या आधी वर्गावर एक पाठ घ्यायचा होता. सुट्टीत दहावीचे जादा तास चालतात, त्यातला एक वर्ग तिला मिळणार होता आणि शाळेची माणसं मागे बसून ऐकणार होती. विषय दिला होता अन्नपचन आणि विकरे. त्यामुळे रोज संध्याकाळी आमची गॅलरी म्हणजे शाळा. समोरच्या मैदानावरून तापलेल्या मातीचा वारा यायचा, कुंपणाच्या कडुनिंबाचा बारीक मोहोर फरशीवर पडायचा, आणि तो पायाखाली चिरडत वसुधा शिकवायची. मी स्टुलावर. आई दाराशी खुर्ची टाकून मागच्या बाकावर, कारण तिला मधूनच उठून जायचं असे.

‘पुस्तकात एवढंच आहे,’ वसुधा म्हणाली. ‘पेप्सिन प्रथिनांवर क्रिया करतं. पण ते पेप्सिन होतं कसं, ते नाहीच. आधी ती नुसती एक साखळी असते, सैल दोऱ्यासारखी. अमिनो आम्लांचे मणी एकापुढे एक ओवलेले. ती साखळी दुमडून ठरलेल्या ठेवणीत बसली की तिचं विकर होतं. तोवर तिला काही करता येत नाही.’

‘विकार?’ आईनं विचारलं.

‘विकर, आई.’

‘तेच ते. पोटाचंच ना?’

मला वाटलं, हा तर आपला विषय. दुसऱ्या दिवशी मी छापखान्यातून एक फुकट गेलेला फर्मा घेऊन आलो आणि तिच्यापुढे मोडून दाखवला. वसुधानं तो उलगडला, पुन्हा घडी केला, बोटानं पानांचे आकडे पाहिले.

‘तुमचं उलटं आहे हो,’ ती म्हणाली. ‘तुमच्या कागदावर आकडे विस्कटलेले असतात आणि घडी घातली की ओळीत येतात. इथे मणी मुळात ओळीतच असतात, आणि घडी पडली की लांबलांबचे शेजारी येतात. पेप्सिनमधला बत्तिसावा मणी आणि दोनशे पंधरावा. हे दोघे समोरासमोर आले की त्यांच्यामधल्या खाचेत अन्न तुटतं. साखळी सैल असताना त्यांची भेटसुद्धा होत नाही.’

मी ते कबूल केलं. दाखला उलटा असेल तर उलटा म्हणायला हवं.

‘आणि दुसरं. तुमचा फर्मा बायका मोडतात. साखळीला कोणी मोडत नाही. ती आपली आपण दुमडते.’

‘आपली आपण म्हणजे? आधी कुठली घडी, मग कुठली, हे तिला कसं कळतं?’

‘कळत नाही. काही मण्यांना पाणी नको असतं, ते आत शिरतात. काहींना पाणी आवडतं, ते बाहेर राहतात. काहींना एकमेकांची ओढ, काहींचं अजिबात पटत नाही. ओढाताण होत होत अशी एक ठेवण सापडते की सगळ्यांचं बऱ्यापैकी भागतं.’

‘एकत्र कुटुंब आहे म्हण की,’ आई म्हणाली आणि कुकर बंद करायला उठली.

ती ठेवण सापडते कशी, हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मी अंदाज काढणारा माणूस. पेप्सिनच्या साखळीत सव्वातीनशे मणी. प्रत्येकाला फक्त तीन तऱ्हांनी वळता येतं असं धरलं तरी तिनाला तिनानं सव्वातीनशे वेळा गुणायचं. कार्यालयातल्या बारा आकडी कॅलक्युलेटरनं लवकरच हात टेकले. मग लॉगॅरिदमचं जुनं पुस्तक काढून केलं. उत्तर आलं एकावर दीडशेहून जास्त शून्यं. इतक्या घड्या एकेक करून तपासायच्या तर पृथ्वीचं आयुष्य पुरणार नाही, आणि पोटात हे रोज जेवणाच्या वेळेपर्यंत तयार असतं. मी कागद वसुधापुढे ठेवला.

‘तपासतच नाही ती,’ वसुधा म्हणाली. ‘खडकवासल्याचं पाणी शहरात येताना सगळ्या गल्ल्या हिंडून बघतं का? उतारानं येतं. प्रत्येक वळणावर थोडं थोडं सोपं होत जातं, म्हणून पुढे जातं.’

‘कालवा माणसांनी खणलाय.’

‘तुम्ही माझ्या वर्गात असतात तर बाहेर उभं केलं असतं मी तुम्हाला.’

तरी माझी शंका अगदीच वाया गेली नाही. दोन दिवसांनी तिनं स्वतःच सांगितलं की पुष्कळ साखळ्यांना उतार एकटीनं सापडतो, पेप्सिनला नाही. पेप्सिनच्या साखळीपुढे चाळीस-पंचेचाळीस मण्यांचा एक जास्तीचा तुकडा असतो. त्याच्या आधारानं बाकीच्या साखळीची घडी बसते. घडी बसली की तोच तुकडा अन्न तोडणाऱ्या खाचेवर आडवा पडून राहतो. नाहीतर ते पेप्सिन जिथे तयार झालं त्या पेशीलाच खाऊन टाकेल. पुढे जठरात आलं, आम्ल लागलं, की तो तुकडा खाचेवरून उलगडतो आणि कापला जातो. मग पेप्सिन कामाला लागतं.

‘आणि तुकड्याचं काय होतं?’ आईनं विचारलं. त्या संध्याकाळी ती उठून गेली नव्हती.

‘संपतो तो. पचून जातो. म्हणून तर पुढे कधी पेप्सिनची घडी विस्कटली तर ती पुन्हा नीट बसत नाही. बसवणारा गेलेला असतो.’

‘नाव काय त्याचं?’

‘वेगळं असं नाव नाही, आई. पुढचा तुकडा म्हणतात.’

‘नसणारच,’ आई म्हणाली.

आई जाऊन आता चार वर्षं झाली. त्या तुकड्याचा दाखला तिला लावावा असं मला या चार वर्षांत बरेचदा वाटलं. पण फर्म्याच्या वेळी मी एक धडा घेतला होता. दाखला नीट तपासल्याशिवाय लावू नये, आणि ज्या माणसाला लावायचा त्याला विचारता येत नसेल तर मुळीच लावू नये. हल्ली वर्तमानपत्रात येतं की कुठली साखळी कशी दुमडेल हे संगणक काही वेळात सांगतो. चांगलं आहे. मी मात्र अजूनही दुपारी डबा खाल्ला की कधीकधी थांबतो आणि मनात म्हणतो, आत्ता चालू असेल. कोणी न सांगता, कोणी न मोडता. आणि तो पुढचा तुकडा आत्ता गळत असेल.

पाठाच्या आदल्या दिवशी मी वसुधाला म्हणालो, ‘हे सगळं छान आहे, पण तिथे पुस्तकातलंच शिकव.’

‘मलाही तेच वाटतं,’ आई म्हणाली. ‘त्यांना पचेल एवढंच दे.’

‘पुस्तकातलंच शिकवणार आहे मी,’ वसुधा म्हणाली. तिनं टिपणंही तशीच काढली होती.

सकाळी आई हातात एक साडी घेऊन आली. पाडव्याला स्वतःसाठी घेतलेली, सुती, मोतिया रंगाची, अजून कपाटातून बाहेर न आलेली. नवी साडी पहिल्यांदा नेसायची म्हणजे तिची घडी मोडायची. आपली नवी साडी घडी मोडायला दुसरीला द्यायची तर ती जवळच्याच बाईला देतात. आई तसं बोलून दाखवणाऱ्यातली नव्हती. ‘ही नेस,’ ती म्हणाली. ‘नवं कापड टोचतं मला. घडी मोडून दे म्हणजे झालं.’ वसुधाला ते कामच सांगितल्यासारखं वाटलं असावं. तिनं निमूटपणे साडी नेसली. इस्त्री करायला वेळ नव्हता. पाठीवर आणि निऱ्यांवर घडीच्या रेघा चौकटीसारख्या उमटल्या होत्या.

बसनं मनपाच्या थांब्यापर्यंत, तिथून पूल ओलांडून पायी. नदीत पाणी नव्हतं, हिरवट डबकी होती. पलीकडच्या काठावरचा गुलमोहर नुकता पेटायला लागला होता. वसुधाचे ओठ हलत होते. परीक्षेला निघालेली मुलं बसमध्ये तशी दिसतात. मी अर्धा दिवस रजा टाकली होती आणि छापखाना तिथून जवळच होता, म्हणून पाठ संपेपर्यंत थांबायचं ठरवलं.

शाळेच्या व्हरांड्यात वर्गाबाहेर एक बाक होता. सुट्टीतल्या शाळेला एक रिकामा वास असतो, खडू, जुनं लाकूड आणि माठाखालची ओली फरशी यांचा. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं आणि मान थोडी वळवली तर दिसतही होतं. शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिका आणि संस्थेचे कार्यवाह. कार्यवाह सत्तरीचे, सडपातळ गृहस्थ. हातातलं पाठ्यपुस्तक त्यांनी उघडून बरोबर त्या पानावर धरलं होतं.

वसुधानं सुरुवात चांगली केली. तोंडातली लाळ, अन्ननलिका, जठर. कार्यवाहांचं बोट पुस्तकातल्या ओळींवरून तिच्याबरोबर सरकत होतं. पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या एका मुलीनं हात वर केला.

‘बाई, पेप्सिन मटण पचवतं ना? मग पोट पण मटणासारखंच असतं. ते पोटाला का नाही पचवत?’

मी बाकावर सरसावून बसलो. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. ‘ते पुढच्या वर्गात शिकाल’ असं म्हणून पुढे जाता येत होतं. रजेच्या जागांवर काढलेली सगळी वर्षं, येणारा जून, आईची अट, हे सगळं त्या एका गप्प क्षणात आत उभं होतं. मी मनात म्हणत होतो, पुढे जा.

वसुधानं खडू खाली ठेवला. ‘नाव काय तुझं?’

‘शबनम.’

‘शबनम, चांगलं विचारलंस. ये इकडे. या दोन रांगांतले सगळे या. एकमेकांचे हात धरा. काही झालं तरी हात सोडायचा नाही.’

बाकं सरकली, पोरं खिदळली. फळ्यापुढे डझनभर मुलांची साखळी उभी राहिली. एका खिडकीतून ऊन थेट आत येत होतं. ‘ज्यांना ऊन नको त्यांनी आत शिरा,’ वसुधा म्हणाली. ‘ज्यांना चालतं ते बाहेर राहा. हात सोडायचा नाही.’ मग जो काही गोंधळ झाला तो सांगत नाही. कोणी कोणाच्या हाताखालून वाकून गेलं, कोणी ढकललं. शेवटी जो घोळका उरला त्यात साखळीच्या या टोकाची शबनम आणि त्या टोकाचा एक उंच मुलगा समोरासमोर आले होते. ओळीत असताना त्यांना एकमेकांचं तोंडही दिसत नव्हतं. ‘आता तुमच्या दोघांच्या मध्ये मटण आलं तर तुटेल,’ वसुधा म्हणाली. ‘याआधी तुटलं असतं का?’ वर्ग एका सुरात नाही म्हणाला. मग तिनं पुढच्या तुकड्याची गोष्ट सांगितली. तयार झालेल्या विकरानं घरच्यांना खाऊ नये म्हणून तो कसा खाचेवर आडवा पडतो, आम्लात कसा उलगडतो, आणि त्यानंतर जठराच्या भिंतीला आतला चिकट थर कसा राखतो, ते सगळं.

कार्यवाहांनी पुस्तक मिटलेलं मला दिसलं.

‘आता हे विकर उकळलं,’ वसुधा म्हणाली. ‘उष्णतेनं त्याची घडी मोडते. काय होईल?’

‘वापरात येईल,’ शबनम म्हणाली.

वर्ग हसला. वसुधा म्हणाली, ‘असं का वाटलं तुला?’

‘आमच्या घरी तसंच म्हणतात, बाई. घडी मोडली म्हणजे नवी साडी पहिल्यांदा नेसली. तुम्ही आज मोडलीय ना, तशी. रेघा दिसताहेत.’

आता हसण्याचा मोठा लोट आला. वसुधाचा हात नकळत पदराकडे गेला. कानापर्यंत लाल झालेली दिसली मला ती. मग तिनं हात खाली घेतला.

‘शबनम बरोबर आहे,’ ती म्हणाली आणि वर्ग शांत झाला. ‘मी पण बरोबर आहे. उकळल्यावर मोडते ती घडी विस्कटते, ते विकर कामातून गेलं. उकडलेलं अंडं कच्चं होतं का परत? तसं. आणि आम्लात पुढचा तुकडा उलगडतो, ती घडी शबनम म्हणते तशी मोडते, म्हणजे विकर वापरात आलं. शब्द एकच आहे. कशानं मोडली ते बघायचं. पेपरात नुसतं घडी मोडली लिहाल तर मी मार्क कापीन. कशानं, ते लिहा.’

मला आमच्या धंद्यातला तिसरा अर्थ माहीत होता, मोडणं म्हणजे घडी घालणं. तो सांगायला मी आत गेलो नाही, हे त्या पाठाचं भाग्य.

तास संपला, मुलं गेली, दार लोटून घेतलं गेलं. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. खुर्च्या सरकल्या तेवढं कळलं. वसुधा बाहेर आली ती सरळ जिन्याकडे निघाली. फाटकाबाहेर आल्यावर म्हणाली, ‘ऐकवलं त्यांनी. पुस्तकात नाही ते सगळं शिकवलंत, म्हणाले.’

‘आणखी काही?’

‘आणखी काय म्हणायचंय?’

मी छापखान्यात गेलोच नाही, तिच्याबरोबर घरी आलो. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. 

घरी आईनं दार उघडलं, दोघांची तोंडं पाहिली आणि न विचारता पाण्याचे तांबे पुढे केले. वसुधा भिंतीशी खाली बसली. डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. ‘झालं, आई. मी पुस्तकाबाहेर गेले. तुम्ही नको म्हणाला होतात.’

‘ते राहू दे. काय म्हणाले? जसंच्या तसं सांग.’

‘कार्यवाह म्हणाले, बाई, पुस्तकात नाही ते सगळं शिकवलंत.’

‘मग?’

‘मग म्हणाले, जूनपासून पुस्तकातलंही शिकवा.’

आई तिच्याकडे बघत राहिली. ‘जूनपासून म्हणाले?’

‘हो. अगदी तोंड वाकडं करून.’

‘तोंडाचं राहू दे गं. शाळा कधी उघडते?’

‘जूनमध्ये.’

‘मग ज्या बाईला नोकरी द्यायची नाही, तिनं जूनपासून काय शिकवावं ते कोणी सांगतं का?’

मी माझ्याच आईच्या हाताखाली वाढलेला माणूस, पण ते पूर्ण वाक्य मला त्या क्षणापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

‘पण ते रागावूनच म्हणाले,’ वसुधा म्हणाली. ‘द्यायची होती तर सरळ दिली म्हणायचं. हसून सांगता येत नाही?’

‘येतं की. त्यासाठी तुला जळगावच्या शाळेत अर्ज करायला हवा होता.’

मी शेजाऱ्यांकडे गेलो आणि त्यांच्या फोनवरून मुख्याध्यापिकांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘बाईंना सांगितलंय की. सकाळचं सत्र आहे, सातला हजर राहावं लागेल.’ परत येऊन मी ते शब्द जसेच्या तसे सांगितले. वसुधा उठली, मोरीत गेली. बराच वेळ नळ चालू राहिला. ती तोंड पुसत बाहेर आली तेव्हा आई पोळ्यांचं पीठ काढत होती.

‘सातला शाळा,’ आई पिठाकडे बघत म्हणाली. ‘म्हणजे डबा माझ्या गळ्यात आला.’

पहिल्या वर्षी या वाक्यावर वसुधा अर्धा दिवस रडली असती. तिनं टॉवेल दोरीवर टाकला.

‘आला खरा,’ ती म्हणाली. ‘आणि सहाला तयार हवा. उशीर झाला तर मी पुस्तकात नाही ते बोलेन.’

आईचा हात पिठात थांबला. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

‘शिकली,’ ती म्हणाली.